सोफ्याच्या पोटात काय काय

२ मार्च, रविवार

आज मुलगी, जावईबापू आणि फुगी आले होते. फुगी म्हणजे माझी नात. बारशाचं नाव वेगळं आहे, पण तिचे गाल पाहिले की दुसरं कोणतंही नाव तोंडात येत नाही. दहा महिन्यांची झाली. रांगते, खुर्चीला धरून उभी राहते आणि जे दिसेल ते तोंडात घालून बघते.

चहा पिता पिता मुलीने विषय काढला. सात एप्रिलपासून ती पुन्हा कामावर रुजू होणार आहे. मग दिवसभर फुगीला ठेवायचं कुठे? दोघं एक पाळणाघर बघून आलेत. बसने बरंच लांब आहे.

"पाळणाघर कशाला? मी काय मेलोय का?" मी म्हटलं.

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने कपात पाहिलं. म्हणजे या विषयावर घरी आधीच बोलणं झालेलं होतं.

"बाबा, तुमचं दुकान खाली आणि घर वर. खाली सगळे खिळे, दाभण, बटणं, फोमचे तुकडे. सोफे शिवायच्या दुकानात रांगतं मूल ठेवायचं म्हणजे..."

"ती वर राहील. मी वर थांबेन. सोफे ती झोपल्यावर शिवेन."

"आणि तिच्या घशात काही अडकलं तर? भाजलं तर? काय कराल?"

"तुमच्या वेळी जे केलं तेच."

"काय केलं होतं?"

मला पटकन काही आठवेना. मी म्हटलं, "तुम्ही दोघं भावंडं वाढलात ना?"

"आईने वाढवलं," ती म्हणाली.

हिची आई चार वर्षांपूर्वी गेली, नाहीतर हा प्रश्नच उभा राहिला नसता. माझ्या बाजूने साक्ष द्यायलाही कोणी उरलेलं नाही.

शेवटी अट घातली गेली. विहीणबाईंच्या वर्गात जाऊन प्रथमोपचार शिकायचे, मग बघू. विहीणबाई म्हणजे जावयाची आई. जन्मभर मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. दर रविवारी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत लहान मुलांच्या आईबापांना शिकवतात, फुकट. मी म्हटलं, विचार करतो. मुलगी म्हणाली, "विचार नका करू, जा."

मी जाणार नाही. या वयात विहीणबाईंपुढे मांडी घालून बसायचं आणि चुकलं की बोलणी खायची, हे मला जमायचं नाही. पण फुगी पाळणाघरात गेली तर मला फक्त सुट्टीच्या दिवशी दिसेल. मला ती रोज हवी आहे. इथे लिहितो आहे, कोणाला बोलून दाखवणार नाही.

४ मार्च, मंगळवार

आज विहीणबाई स्वतःच दुकानात उगवल्या. मला वाटलं, घ्या, आता खरडपट्टी. पण त्यांचं काम वेगळंच निघालं. सरावासाठी वापरतात ते रबरी बाळ फाटलंय. मी चार कापडी बाळं शिवून देईन का?

"वर्गात असतात किती जण?" मी विचारलं.

"गेल्या रविवारी दोघं. त्यातला एक खाली पेपर वाचायला आला होता, चुकून वर चढला. मी सोडला नाही."

मी मापं घेतली. त्यांनी हातांनीच दाखवली, डोकं एवढं, धड एवढं. मग म्हणाल्या, "एक मात्र करा व्याहीबुवा. बाळं तुम्हीच आणून द्यायची दर रविवारी आणि न्यायचीही तुम्हीच. माझ्याने नाही उचलवत."

ज्या बाईने जन्मभर ऑक्सिजनची नळकांडी ढकलली तिला चार कापडी बाळं उचलवत नाहीत. वय झालं, दुसरं काय! हो म्हटलं. कारागीर म्हणून जायला माझी हरकत नाही. शिकायला जाणं वेगळं.

८ मार्च, शनिवार

चारही बाळं तयार. फुशारकी मारत नाही, पण असं काम बाजारात मिळायचं नाही. अंगाला मऊ पिवळट कापड. धडात सोफ्याच्या बैठकीला वापरतो तो सगळ्यात भारी फोम, वर्षानुवर्षं बसणार नाही असा. डोळ्यांना काळी चकचकीत बटणं लावली. चौघंही माझ्याकडे टकामका बघत होते. एकाला तर मी चक्क "काय रे?" म्हणून विचारलं.

९ मार्च, रविवार

नाक कापलं गेलं.

खोलीत चटया टाकलेल्या, कोपऱ्यात फळा, करकरणारा पंखा. माणसं तीन. चपलांच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको, आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा एक जण, त्याच्याकडे तिसरं येणार आहे. मी बाळं ठेवली आणि दारात उभा राहिलो.

विहीणबाईंनी एक बाळ उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. मी कौतुक ऐकायच्या तयारीत होतो. त्यांनी दोन बोटांत डाव्या डोळ्याचं बटण धरलं, पिळलं आणि ओढलं. बटण त्यांच्या तळहातावर आलं.

"आजचा पहिला धडा आपल्या कारागिरांनी शिवून आणलाय," त्या वर्गाला म्हणाल्या. "ही एवढी वस्तू बाळाच्या श्वासनळीचं बूच होते."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आमच्या सोफ्याची बटणं कधी निघत नाहीत."

"निघत नाहीत, की कोणी चावून बघितलं नाही?"

चपलावाल्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. पुढे आणखी एक झालं. बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची असते, तर माझा भारी फोम बोटंच वर फेकायला लागला. व्हॅनवाला म्हणाला, "बाई, हे बाळ मलाच दाबतंय." म्हणजे डोळे दोऱ्याने भरायचे आणि फोम काढून कापूस घालायचा.

दारात उभं राहिल्यामुळे बाकीचं सगळं कानावर पडलंच. मला ऐकायचं नव्हतं, पण त्या आवाजापुढे इलाज नाही. बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल, तर मध्ये पडायचं नाही, खोकू द्यायचं. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, आतली वस्तू आणखी आत जाते. खोकला फुटेना, आवाज बंद झाला, की मग पालथं घ्यायचं, डोकं खाली, हनुवटीला हाताचा आधार, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा मारायचं. नाही निघालं तर उताणं करून छाती दाबायची, पाच वेळा. मग पुन्हा पाठ. तेवढ्यात दुसऱ्याने रुग्णवाहिकेला फोन करायचा. भाजलं तर टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, आपल्याला कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही.

टूथपेस्टचं ऐकून मी जरा चपापलो. मुलाचा हात भाजला होता तेव्हा टूथपेस्ट लावली होती खरी, की त्याच्या आईने लावू दिली नव्हती? आता आठवत नाही.

जाताना मी विचारलं, "फुकट असूनही लोक का येत नाहीत?"

"निम्म्यांना वाटतं, शिकायला बसलो तर ते व्हायचंच," विहीणबाई म्हणाल्या. "आणि उरलेल्यांना वाटतं, आपल्या घरात तसलं काही नाहीच."

१३ मार्च, गुरुवार

आमच्या धंद्यात एक रीत आहे. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली. सोफा उसवला की त्याच्या पोटातून जे निघेल ते कागदी पिशवीत भरायचं आणि सोफ्याबरोबर गिऱ्हाइकाला द्यायचं. काय निघालं ते तोंडाने बोलायचं नाही. कधी काय निघेल सांगता येत नाही, आणि तेव्हा शेजारी कोण उभं असेल तेही सांगता येत नाही. एवढी वर्षं मी ही रीत पाळली. गिऱ्हाईक पिशवी न उघडता कचऱ्यात टाकतं, हेही मला माहीत आहे.

आज फोटो स्टुडिओवाल्याचा सोफा उसवला. हेअरपिना, पेनांची टोपणं, दोन काचेच्या गोट्या, माळेतले मणी, चंदेरी कागदातली औषधाची अर्धी पट्टी आणि कसल्याशा खेळण्याचा चपटा गोल सेल. एरवी हे सगळं मी न बघता पिशवीत ढकललं असतं. आज एकेक वस्तू टेबलावर मांडत गेलो आणि फुगीच्या तोंडाचं माप आठवून अंगावर काटा आला.

संध्याकाळी सोफा पोचवायला गेलो तर त्यांचा मुलगा, असेल दोनेक वर्षांचा, दुसऱ्या खुर्चीच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून उभा. आत काहीतरी शोधत होता, अगदी मन लावून.

स्टुडिओवाला पिशवी बघून म्हणाला, "कचराच ना? टाकून द्या तुम्हीच."

मी रीत मोडली. पिशवी टीपॉयवर उलटी केली, सेल उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "हा गिळला तर उलटी काढायची नाही. वाट बघायची नाही. तडक हॉस्पिटल."

त्याच्या बायकोने आधी सेलकडे पाहिलं, मग खुर्चीच्या फटीकडे, आणि धावत जाऊन पोराचा हात बाहेर काढला. मुठीत एक गोटी होती.

"तुम्हाला कसं माहीत हे?" तिने विचारलं.

"रविवारी दहाला, वाचनालयाच्या वर," मी म्हटलं. "येताना शेजाऱ्यांनाही आणा."

उस्ताद असते तर त्यांनी माझे कान उपटले असते. पण त्यांना पोरंबाळं नव्हती.

१६ मार्च, रविवार

चटया कमी पडल्या! स्टुडिओवाले दोघं आले, त्यांच्या मजल्यावरचे तिघं आले. शिवाय गेल्या काही महिन्यांत ज्यांचे सोफे केले त्या सगळ्यांना मी फोन लावले होते. "तुमच्या सोफ्यातून काय निघालं होतं सांगू का?" एवढंच विचारायचो. एका गृहस्थांनी आवाज खाली करून विचारलं, "कोणाला बोललात का?" मी म्हटलं, रविवारी या, नाही बोलणार. आले. विहीणबाईंनी इतकी माणसं बघून मला फक्त एवढं विचारलं, "व्याहीबुवा, बसताय का?" मी म्हटलं, दारात कोणीतरी हवं. मी जरा भाव खाल्ला, कबूल आहे.

वर्ग मात्र धड झाला नाही. बाळं कापडाची, त्यामुळे सगळ्यांना खेळ वाटला. स्टुडिओवाल्याने बाळाला एका पायाने लटकावलं. कोणी म्हणालं, "माझं वारलं हो," आणि खोली हसली. विहीणबाई चिडतील असं मला वाटलं, पण त्या शांत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या मुलाचा एक कपडा आणायचा. आता आखूड झालेला, पण टाकवत नाही असा."

मुलीला फोन करून माणसं किती आली ते सांगितलं. तिने विचारलं, "आणि तुम्ही शिकलात का?" मी म्हटलं, मीच तर माणसं आणली. ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

२३ मार्च, रविवार

कसं लिहावं कळत नाही.

सगळे कपडे घेऊन आले होते. टोपडी, झबली, एक विणलेला स्वेटर, एक लाल पँट जिच्या गुडघ्यावर ठिगळ होतं. विहीणबाईंनी सांगितलं, बाळाला तुमच्या मुलाचा कपडा घाला आणि मग सुरू करा. बस्स. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मागच्या रविवारी बाळ लटकावणारा स्टुडिओवाला त्या स्वेटरची बटणं लावत होता, एकेक, हळू. मग पालथं घेतलं, मारलं, आणि मारून झाल्यावर बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणी हसलं नाही.

शेवटी विहीणबाई दाराकडे वळल्या. "व्याहीबुवा, एक बाळ रिकामं आहे."

मी म्हटलं माझ्याकडे कपडा नाही. त्यांनी पिशवीतून फुगीचं निळं झबलं काढलं. सहज पिशवीत राहिलं होतं म्हणे. चार महिन्यांपूर्वीचं झबलं यांच्या पिशवीत सहज कसं राहतं कोणास ठाऊक!

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? मी बसलो. झबलं घातलं. त्याला अजून फुगीचा वास होता. पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटी हातात, सगळं बरोबर, तीन आठवडे कानावर पडत होतंच. आणि हात उचलला. तो पाठीवर गेला आणि थोपटायला लागला. झोपवताना थोपटतात तसा. मी त्याला सांगतोय मार, आणि तो थोपटतोय.

"पुन्हा," विहीणबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. मग मी म्हटलं दुकानात कापडाचा तागा यायचा आहे, आणि निघून आलो. बाळंही तिथेच टाकून आलो. रविवारी कुठला तागा येतो? सगळ्यांना कळलं असणार.

मुलीचं बरोबर आहे. पाळणाघरातल्या बायका निदान मारू तरी शकतील. मला फार वाईट वाटतंय.

२५ मार्च, मंगळवार

विहीणबाई चारही बाळं घेऊन दुकानात आल्या. दोन पिशव्यांत घालून, चालत. एकाची पाठ उसवली होती. तेवढी दुरुस्त करून हवी होती. शिवण अगदी सरळ सुटलेली, ब्लेडने कापल्यासारखी. धागाच कच्चा लागला असणार. मी शिवायला घेतली. त्या समोरच्या स्टुलावर बसून राहिल्या.

"घट्ट झाली का?" त्यांनी विचारलं.

"आमची शिवण आहे," मी म्हटलं, आणि शिवण तपासतात तशी तपासली. आम्ही काय करतो, कुशन शिवून झालं की तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने शिवणीशेजारी जोरात हाणतो. धागा कच्चा असेल तर तिथेच बोलतो. बाळाच्या पाठीवर दणकून हाणलं.

"पुन्हा बघा."

पुन्हा हाणलं.

"जरा वर. दोन खांद्यांच्या मधे. तिथे ताण जास्त येतो."

बरोबर होतं त्यांचं, तिथे ताण येतोच. मी पाच-सहा दणके दिले. शिवण पक्की. मग त्यांनी ते निळं झबलं काढून बाळाला चढवलं आणि म्हणाल्या, "आता झबल्यावरून तपासा. कापडाखाली शिवण सरकते कधी कधी."

असं काही नसतं. पण बाईमाणसाला कामातलं काय समजावत बसणार, म्हणून मी हाणलं. पाच वेळा. हात थोपटायला गेला नाही. माझ्या ते नंतर लक्षात आलं. त्या मात्र चहा न घेताच गेल्या, उद्या दुसरं बाळ आणते म्हणून. त्याचीही शिवण सैल वाटतेय म्हणे.

२८ मार्च, शुक्रवार

रोज एक बाळ उसवतंय. धाग्याची रीळ बदलली.

जावईबापू कामावरून जाता जाता डोकावले. गप्पांत सहज बोलून गेले, "खरं तर आम्ही फुगीला आईकडेच ठेवणार होतो. तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, माझे गुडघे गेलेत, रांगत्या पोरीमागे मला धावता येणार नाही, तुझ्या सासऱ्यांना विचार."

मला आश्चर्य वाटलं. रविवारी याच बाई दोन तासांत निदान वीस वेळा चटईवर बसल्या आणि उठल्या. स्टुडिओवाल्याच्या बायकोला हात देऊन त्यांनीच उठवलं. गुडघे फक्त नातीच्याच वेळी दुखतात की काय? एवढी गोड पोर, आणि हिला नको! काही माणसांना कशाची किंमत नसते. जाऊ दे. माझ्या पथ्यावर पडलं.

३० मार्च, रविवार

जमलं. सगळ्यांसमोर, निळ्या झबल्यासकट. पाठ पाच वेळा, छाती पाच वेळा, पुन्हा पाठ. व्हॅनवाला म्हणाला, "काका, आवाज काय येतोय!" मी म्हटलं, शिवण आमची आहे. विहीणबाई फक्त "पुढचा" म्हणाल्या. तोंडातून एक शब्द कौतुकाचा निघेल तर शपथ.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. बघू." पाळणाघराला शुक्रवारपर्यंत कळवायचंय म्हणे. मी म्हटलं, अजून बघू? ती म्हणाली, "बाबा, कापडाच्या बाळावर करणं वेगळं आणि ती समोर निळी पडली तर वेगळं." मी विचारलं, तू कधी येतेस वर्गाला? तर म्हणे रविवारी धुणं असतं, साफसफाई असते, आणि सासूच नर्स आहे, फोन केला की झालं.

पोरगी माझीच आहे, शंका नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

मुलगी संध्याकाळी फुगीला घेऊन आली होती. उद्या पाळणाघराला कळवायचं, म्हणून आज बोलून टाकू म्हणाली. आम्ही वर स्वयंपाकघरात खाली बसलो होतो. फुगीला केळं भरवत होती आणि मला पाळणाघराच्या बायका कशा चांगल्या आहेत ते सांगत होती. बोलण्याच्या नादात तुकडा जरा मोठा गेला असावा. फुगीला ठसका लागला. एक, दोन, मग थांबेचना. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी.

मुलगी किंचाळली. तिचं बोट फुगीच्या तोंडापाशी पोचलंच होतं, मी मनगट धरलं.

"बोट नको."

"बाबा, सोडा! तिला श्वास—"

"खोकतेय ती. आवाज येतोय ना? खोकू दे."

फुगीला मी मांडीवर पुढे झुकवून धरलं, एक हात छातीखाली. "खोक फुगे, खोक. शाबास." दुसरा हात तिच्या पाठीमागे वर तयार होता. आवाज बंद झाला असता तर तो खाली आला असता. मला पक्कं माहीत होतं की आला असता. माझे कान फक्त तिच्या खोकल्यावर होते. मुलगी माझ्या दंडाला ओढत होती, काहीतरी करा, काहीतरी करा म्हणत होती. काही न करता बसण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मग केळ्याचा गोळा माझ्या शर्टावर आला. फुगीने एक लांबलचक भोकाड पसरलं, आणि ते संपायच्या आत उरलेल्या केळ्याकडे हात केला.

मुलगी भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "मी बोट घातलं असतं."

"हं."

"मला वाटलं तेच करायचं असतं. मी तिची आई आहे, आणि मला..." मी चहा टाकला. शाळेत नापास झाली होती तेव्हाही मी चहाच टाकला होता, दुसरं मला येत नाही. रागवायचं माझ्या मनातही आलं नाही. महिन्याभरापूर्वी मीही बोटच घातलं असतं.

कप हातात घेऊन तिने विचारलं, "रविवारी किती वाजता असतो वर्ग?"

पाळणाघराचं तिने पुन्हा काढलं नाही, आणि माझीही विचारायची छाती झाली नाही. ती खाली उतरून गेली. जिन्यात बसून विहीणबाईंना फोन केला.

"मग तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. धरून बसलो."

"उत्तम," त्या म्हणाल्या, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

६ एप्रिल, रविवार

आज दोघंही आले, मुलगी आणि जावईबापू. फुगीला घेऊन मी मागे बसलो, खुर्चीवर. आता मला दारात उभं राहावं लागत नाही.

मुलीने बाळाला निळं झबलं घातलं आणि तिचे डोळे भरून आले. तरी पालथं घेतलं. पहिला फटका अगदीच लाडाचा. "पुन्हा," विहीणबाई म्हणाल्या, सुनेलाही सवलत नाही. दुसरा जरा बरा. तिसरा असा बसला की खोलीभर आवाज झाला.

आणि माझ्या मांडीवरच्या फुगीने ते पाहिलं. आपली आई आपल्या झबल्यातल्या कोणाला तरी बडवतेय! तिने असा टाहो फोडला की खालून वाचनालयवाले वर आले. सगळा वर्ग हसायला लागला. स्टुडिओवाला तर डोळे पुसत होता.

"रडतेय ना? म्हणजे श्वास छान चाललाय," विहीणबाई म्हणाल्या. "चला, तुम्ही थांबू नका."

आजवर फुगी माझ्याकडे नुसती कुरकुरली तरी मुलगी असेल तिथून येऊन तिला माझ्या हातातून घ्यायची. मी सवयीने उठलो, फुगीला तिच्याकडे द्यायला दोन पावलं पुढेही गेलो. मुलगी चटईवरून उठली नाही. बाळाची हनुवटी तिने हातात नीट धरून ठेवली होती, केस तोंडावर आले होते, आणि माझ्याकडे वर न बघताच ती म्हणाली, "बाबा, तिला बाहेर न्या ना. तुमच्यापाशी राहील ती. मला हे जमेपर्यंत आत आणू नका."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत होत्या. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

फुगीला घेऊन मी जिन्यात आलो. आतून धप्प धप्प आवाज येत होता आणि मधून मधून "पुन्हा." ती माझ्या खांद्यावर हुंदके देत शांत झाली, मग माझा कान ओढून बघायला लागली. मला इतका आनंद झाला होता की खाली जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला मी विनाकारण सांगितलं, "ही माझी नात." तो म्हणाला, "दिसतंय."

उद्या साडेआठला मुलगी तिला सोडून कामावर जाणार आहे.